तिसरी पुकार

दिवा जरा बारीक करा. विझवू नका, नाहीतर कोण घाबरून कुणाला चिकटलंय ते दिसायचं नाही, आणि निम्मी गंमत तर त्यातच असते. पुढच्या महिन्यात ज्याचं लग्न आहे तो नवरदेव कुठे लपलाय? ये, पुढे बस. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून म्हणतात ना? घर बांधताना भिंतीत काय आहे ते निदान कळतं. बाकी काही बोलत नाही, तुझी होणारी सासू शेजारच्याच घरात आहे.

ही गोष्ट घडलेली आहे. ज्यांच्या बाबतीत घडली ते फादर आजही लग्नं लावतात. त्यांना विचाराल तर ते आधी पाणी मागतील, मग विषय बदलतील.

तर फादर. वजन नव्वद किलो, पण चाल अशी की पायाला चाकं लावलीत. सगळे त्यांना एक्सप्रेस फादर म्हणायचे. बाकीचे पाद्री एका लग्नाला सव्वा तास घेतात. हे चाळिसाव्या मिनिटाला नवरा-नवरीला दारात उभं करायचे, आणि फोटोवाला अजून कॅमेऱ्याचं झाकण शोधत असायचा. चौतीस वर्षांत हजाराच्या वर लग्नं लावली. एक नवरा 'हो' म्हणता म्हणता आडवा झाला, तर त्याच्या तोंडावर पाणी मारून उरलेलं 'हो' त्याच्याकडून आडव्यानेच म्हणवून घेतलं. एका लग्नात त्यांनी नवरीला विचारलं, "तू स्वखुशीने आली आहेस का?" मागून तिची आई ओरडली, "हो, आलीय!" फादर म्हणाले, "बाई, तुमचं होऊन पंचवीस वर्षं झाली. आता तिला बोलू द्या."

असा माणूस. मनाचा सोन्यासारखा, पण घाई अंगात भिनलेली. आणि घाई कुठे ना कुठे नडतेच.

आता त्यांच्याकडची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. चर्चमध्ये लग्न लावायचं तर आधी तीन रविवार भर प्रार्थनेत नावं पुकारावी लागतात. अमक्याचं आणि तमकीचं लग्न ठरलंय, कुणाला काही अडथळा ठाऊक असेल तर त्याने सांगावा. मग फादर थोडं थांबतात. एक छोटी प्रार्थना मनात म्हणण्याइतकं. कुणी बोललं नाही की पुढे. कुणी बोलतच नाही. सगळे अडथळे लोक घरी जेवताना बोलतात.

गेल्या वर्षी नोव्हेंबरची चौदा तारीख. शुक्रवार. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला नर्सताईचं लग्न होतं.

नर्सताई म्हणजे दवाखान्यातली. वय तेहतीस. आईबाप लहानपणीच गेलेले, मामा-मामींनी वाढवलेली. लग्न दोनदा ठरून मोडलं होतं, त्यामुळे या खेपेला मामा श्वाससुद्धा जपून घेत होता. दर महिन्याला ती फादरांचं ब्लडप्रेशर तपासायची आणि दर महिन्याला दम द्यायची, "फादर, जेवतानाही एक्सप्रेस सोडता ना? घास तरी चावत जा." फादरांना दम देणारी गावात ती एकटीच. त्यांचा तिच्यावर फार जीव.

नवरा गॅरेजवाला. दोन वर्षांपूर्वी परगावाहून आला, कोपऱ्यावर गॅरेज टाकलं. चाळिशीचा, गोड बोलणारा, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. एकच गोष्ट लोकांना नवलाची वाटायची. गॅरेजवाला असून नखं नेहमी स्वच्छ. घासून घासून पांढरी केलेली.

रात्री साडेआठला जेवण उरकून फादर उद्याचे कागद लावत बसले. फॉर्मवर तीन पुकारांसाठी तीन चौकोन असतात. पहिल्यात खूण. दुसऱ्यात खूण. तिसरा कोरा.

फादरांनी कपाळावर हात मारला. गेल्या रविवारी पाठोपाठ दोन बाळांचे बाप्तिस्मे होते, त्या गडबडीत पुकार राहूनच गेली. वरच्यांची परवानगी काढावी म्हणून बिशपांच्या कचेरीत फोन लावला. तो वाजत राहिला. रात्री कोण बसलंय तिथे?

आणि मग एक्सप्रेसला आडवाट सापडली. नियमात काय लिहिलंय? चर्चमध्ये मोठ्याने पुकारावं. चर्चमध्ये माणसं असावीत असं कुठे लिहिलंय?

चर्चच्या किल्ल्या ज्याच्याकडे असतात त्याला सगळे किल्लीकाका म्हणतात. त्याला जेवणावरून उठवला. तो करवादतच आला.

"रिकाम्या बाकांना काय सांगताय, फादर? ते आहेर आणणार आहेत का?"

"तू दार उघड. पाच मिनिटांचं काम."

"तुमची पाच मिनिटं म्हणजे दोन. जावा. मी पायरीवर बसतो."

किल्लीकाकाने दार उघडलं, फादर आत गेले, वारा होता म्हणून दार ओढून घेतलं, आणि किल्लीकाका त्याच दाराला पाठ लावून बाहेर बसला. आठ वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

फादरांनी वेदीजवळचा एकच दिवा लावला. उजेड चौथ्या-पाचव्या बाकापर्यंत पोचत होता. पुढे अंधार. दिवसा इथे साडेतीनशे माणसं खोकतात, शिंकतात, पोरं रडतात. आता फक्त भिंतीवरचं घड्याळ.

कागद धरून त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं. दोघांची नावं. आईबापांची नावं. उद्याची तारीख. "या लग्नात कुणाला काही अडथळा ठाऊक असेल, तर त्याने तो आत्ताच सांगावा."

आणि थांबले.

दर वेळी ते ती मनातली प्रार्थना निम्मीच म्हणायचे. आज मनाला टोचणी लागली होती. तिसरी पुकार विसरलो, आता निदान थांबायचं तरी नीट. म्हणून पूर्ण म्हटली. सावकाश. शेवटच्या शब्दापर्यंत.

शेवटचा शब्द झाला, आणि मागे कुणीतरी खोकलं.

कोरडा खोकला. दम न पुरणाऱ्या माणसाचा.

फादर दचकले, पण तेवढंच. कुणी बाई प्रार्थनेला बसली असेल, आणि संध्याकाळी कुलूप लावताना किल्लीकाकाने बघितलं नसेल. त्याला दिवसासुद्धा दिसत नाही.

"कोण आहे?"

"फादर... मला सांगायचंय."

बाईचा आवाज. शेवटच्या बाकावरून. डोळे ताणले तेव्हा आकार दिसला. बसलेली. मान खाली. केस पुढे आलेले.

"या ना इथे, उजेडात."

"इथूनच सांगते."

पुन्हा खोकला. आणि आता एक वास आला. मेणबत्त्यांचा नव्हे. गाडी चालू ठेवून दार बंद केलं की येतो तसा धूर.

फादर चौतीस वर्षांत पहिल्यांदाच असा प्रसंग बघत होते. कुणीतरी खरंच अडथळा सांगत होतं. त्यांनी खिशातून पेन काढलं. कामाची सवय मोठी असते.

"सांगा. काय अडथळा?"

"त्याचं लग्न झालेलं आहे."

फादरांच्या डोळ्यांसमोर नर्सताई. तिसऱ्यांदा.

"बाई, हे फार मोठं बोलताय. त्याने बाप्तिस्म्याचा दाखला दिलाय. त्यावर लग्नाची नोंद नाही."

"तारीख बघा."

"कसली?"

"दाखल्याची."

घड्याळ टिकटिकत होतं. फादर घाम पुसत होते. नोव्हेंबरात. मग त्यांना नियम आठवला, आणि बुडत्याला काडी मिळावी तसा त्यांनी तो धरला.

"त्याची पहिली बायको... हयात आहे का?"

मागून फक्त खोकला आला.

"बाई, हे विचारावंच लागतं. ती हयात आहे का?"

"...नाही."

फादरांनी श्वास सोडला. "मग अडथळा नाही. मरणाने लग्न सुटतं. नवरा मोकळा होतो. नियमच आहे तसा."

अंधारात ती मान हळूच वर झाली.

"तेच तर, फादर..." ती म्हणाली. "त्यालाही तेच ठाऊक होतं."

पेन खाली पडलं.

फादर ते उचलायला वाकले नाहीत. नजर बाकावरच होती. त्यांनी पापणीही हलवली नाही, असं ते शपथेवर सांगतात. आणि तरीही... बाक रिकामा होता. ती उठली नाही. चालली नाही. नव्हतीच.

ते दाराशी कसे पोचले ते त्यांनाच माहीत. दार ढकललं तसा पाठ लावून बसलेला किल्लीकाका तीन पायऱ्या खाली घरंगळला.

"बाई! बाई गेली ती कुठे गेली?"

"कसली बाई? मी दाराला टेकून बसलोय. माझ्या पाठीवरून गेली का ती?"

"मागचं दार?"

"त्याची किल्ली ही बघा. कमरेला." मग त्याने फादरांचं तोंड नीट बघितलं आणि त्याचा आवाज उतरला. "फादर... झालं काय?"

फादर थांबले नाहीत. जवळजवळ पळतच घरी आले, टेबलावरचा दाखला उचलून दिव्याखाली धरला. आणि तिथे त्यांची घाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

कुणाचंही लग्न झालं की त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी, समासात, लग्नाची नोंद करतात. म्हणून लग्नाला दाखला ताजा लागतो, सहा महिन्यांच्या आतला. पोरसवदा पाद्रीसुद्धा आधी तारीख बघतो. गॅरेजवाल्याने दिलेला दाखला बारा वर्षांपूर्वीचा होता. कधीकाळी नोकरीसाठी काढलेला. तो कोराच असणार. फादरांनी शिक्का बघितला, सही बघितली, आणि 'छान, छान' म्हणून फाइलमध्ये टाकला होता.

गॅरेजवाल्याच्या जुन्या गावचे फादर हे आपल्या फादरांचे शिकायच्या वेळचे सोबती. जाड भिंगाचे, म्हणून चष्मेफादर. नऊ वाजता त्यांना फोन.

"झोपलो होतो रे."

"उठ. वही काढ. एक नाव बघ."

"सकाळी बघतो."

"सकाळी दहाला लग्न लावायचंय मला. आत्ता बघ. पाया पडतो."

एक्सप्रेस पाया पडतोय म्हटल्यावर चष्मेफादर उठले. वीस मिनिटांनी फोन आला. पानाचा फोटोही आला. नोंदीच्या समासात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. लग्न झालेलं. अकरा वर्षांपूर्वी, त्याच गावात.

"आणि बायको?"

"ती तीन वर्षांपूर्वी नाहीशी झाली. पळून गेली असं तो सांगत फिरायचा. मग गॅरेज विकून तोही गेला."

"मेल्याची नोंद?"

"मरणाच्या वहीत नाव नाही. का रे? कुणी काही म्हणालं?"

फादरांनी फोन ठेवला. लग्न थांबवायला एवढा कागद पुरेसा होता. पण त्यांना ठाऊक होतं ते कागदात नव्हतं. आणि ते सांगायचं कुणाला? त्या रात्री त्यांना दोन रस्ते होते. गप्प बसून सोमवारी पत्रव्यवहार करायचा, किंवा आत्ता जाऊन एका बाईच्या हातातला लग्नाचा झगा खाली ठेवायला लावायचा. उद्या दहानंतर उशीर होणार होता. नर्सताई त्याच्याबरोबर त्या गॅरेजच्या वरच्या खोलीत राहायला जाणार होती.

दहा वाजून पाच मिनिटांनी त्यांनी मामांचं दार वाजवलं.

मामी झग्याची शिवण आत घेत होती. नर्सताई स्टुलावर उभी. मामा याद्या तपासत होता.

"या फादर! उद्याची तालीम का?"

"उद्या लग्न होणार नाही."

सुई थांबली.

"गंमत करताय," मामा म्हणाला. "दोनशे दहा माणसं येणार आहेत."

"त्यांना जेवू घाला. लग्न नाही."

"अहो, तिसऱ्यांदा? पोरीने तोंड कुठे दाखवायचं? एक कागद जुना निघाला म्हणून—"

"मामा, थांब." नर्सताई स्टुलावरून उतरली. तिने दाखला बघितला, फोनवरचा फोटो बघितला. मग फादरांकडे बघितलं, दवाखान्यात नाडी न धरता ताप ओळखायची तसं. "फादर, तुम्हाला दाखला बघायला कुणी सांगितलं?"

फादरांनी दाखल्याची घडी करून खिशात घातली.

तिने स्वतःचा फोन उचलला. नंबर लावला. स्पीकरवर टाकला.

"काय गं, झोप येईना?" गॅरेजवाल्याचा आवाज. हसरा.

"फादर बोलतायत."

"तुझा दाखला जुना आहे," फादर म्हणाले. "नवीन नोंद मी बघितली."

तो म्हणाला, "हो. झालं होतं एकदा. ती पळून गेली. हिला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. सोमवारी काय कागद लागतील ते आणतो, फादर. उद्याचं मोडू नका."

मामा मान डोलवायला लागला. बघा, म्हणतोय ना तो आणतो म्हणून. मामीनेही सुई पुन्हा उचलली. एवढ्यावर सगळं पुन्हा जुळत होतं.

"तुम्हाला सांगितलं कुणी?" गॅरेजवाल्याने विचारलं. अगदी सहज.

फादरांना खोटं बोलता येत नाही. ते म्हणाले, "आज रात्री चर्चमध्ये तुझं नाव पुकारलं. मागच्या बाकावरून एक बाई बोलली."





मामाने फोन कट झाला का म्हणून वाकून बघितलं. पडद्यावर सेकंदांचे आकडे पळत होते. चालू होता.

मग आवाज आला. हसू गेलेला. आत ओढलेला.

"...खोकत होती?"

खोकल्याचा विषय त्या घरात कुणी काढला नव्हता. फादरांनीही नाही.

नर्सताईने फादरांकडे बघितलं. त्यांचा चेहराच उत्तर होता. तिने एक बोट पुढे केलं आणि फोन बंद केला. मामा खुर्चीत बसला. त्यानंतर त्या खोलीत कुणी दोनशे दहा माणसांचं नाव काढलं नाही.

पहाटे गॅरेजचं शटर अर्धं वर होतं, दिवा चालू, खुंटीला लग्नाचा कोट. माणूस नाही. चार दिवसांनी बसस्टँडवर पोलिसांना सापडला. गाडीखाली शिरून काम करायला जमिनीत खड्डा असतो ना, तसा जुन्या गावच्या त्याच्या गॅरेजात होता, आणि वरून सिमेंट ओतून बुजवलेला होता. पोलिसांनी तो फोडला. काय निघालं ते विचारू नका, तुमची जेवणं झालीत. तिला माती द्यायला एक्सप्रेस फादर स्वतः गेले. दीड तास लागला त्यांना. एक शब्द गाळला नाही.

काय रे नवरदेवा, पाणी हवंय? पी. अजून संपलं नाही. मधला शनिवार राहिलाय.

शनिवारी सकाळी दहाला, जेव्हा लग्न लागायचं होतं, तेव्हा नर्सताई चर्चमध्ये आली. रजा रद्द करून कामावर निघाली होती. अंगात पांढरा कडक इस्त्रीचा कोट. तिने किल्लीकाकाला विचारलं, "कुठला बाक?"

त्याने लांबूनच बोट दाखवलं. तो शेवटच्या बाकाच्या दहा पावलांत जायला तयार नव्हता.

ती तिथे बसली. अगदी मध्ये नाही. थोडी बाजूला सरकून, शेजारी एक माणूस मावेल इतकी जागा ठेवून. पुढच्या बाकावर डोकं टेकलं. रडली की काय ते किल्लीकाकाला कळलं नाही. फादर वेदीजवळ उभे होते, तेही पुढे आले नाहीत. दहा मिनिटांनी ती उठली. डोळे पुसले. दाराकडे वळली, तशी तिची पाठ उजेडात आली.

"ताई..." किल्लीकाका म्हणाला. "खांद्याला काय लागलंय?"

तिला दिसेना. फादर धावत आले. आणि दोन हात अलीकडेच थांबले.

डाव्या खांद्यावर, मागच्या बाजूने, हात उमटला होता. गाडीच्या धुराची असते तशी काजळी. चार बोटं पुढे आलेली, अंगठा पाठीकडे. लहान हात. बाईचा. मागून कुणी हलकेच खांद्यावर ठेवावा, काही नाही गं, असं म्हणावं, तसा.

त्या बाकाच्या मागे कुणी बसू शकत नाही. मागे भिंत आहे. बाक भिंतीला टेकलेला आहे, मधे वहीसुद्धा जात नाही.

कोट तीनदा धुतला. डाग गेला नाही. मामी जाळायला निघाली होती, नर्सताईने जाळू दिला नाही. कपाटात घडी करून ठेवलाय. किल्लीकाकाने बघितलाय, फादरांनी बघितलाय. आणखी एकाने बघितलाय, तो कोण ते विचारू नका.

सगळी बोटं अखंड काळी आहेत. फक्त करंगळीशेजारच्या बोटावर, मुळाशी, एक बारीक पट्टी कोरी राहिलीय. पांढरी. अंगठीच्या रुंदीची.